अक्काच्या खाटेवर

जळगावहून गुडघा बदलून आलो तेव्हापासून मारुतीच्या ओट्यावर बसलं की तेच तेच विचारतात. दुखतं का? उभं कधी करतात? खायला काय देतात? आमच्या गावात गुडघे गेलेली माणसं काही कमी नाहीत. जन्मभर निंदणी, कपाशीची वेचणी, थंडीत पाटात उभं राहून पाणी भरणं. गुडघा लोखंडाचा असता तरी झिजला असता. एकेकाला सांगून माझा घसा बसला, म्हणून आता लिहूनच काढतो. माझी शाळा चौथीपर्यंत. नातीने जोडाक्षरं नीट केली, पण वाक्यं मी तिला बदलू दिली नाहीत. एका ठिकाणी ती म्हणाली, "आबा, हे कशाला लिहिता? लोक नाव ठेवतील." ते एक ठिकाण लिहायचं नसतं तर मी पेन हातात धरलाच नसता.

गाव

आमच्या शेताच्या बांधावर उभं राहिलं की नरडाण्याच्या कारखान्यांची धुराडी दिसतात. माझा मुलगा अनिल तिथंच कामाला आहे. उजवा गुडघा दुखतो हे मी त्याला पुष्कळ दिवस कळू दिलं नाही. पण पुतण्याच्या लग्नात पंगतीला बसलो आणि जेवण झाल्यावर उठताच येईना. पंगत उठली, पत्रावळी उचलल्या, झाडणारी बाई माझ्याभोवतीनं झाडून गेली, मी तिथंच. दुसऱ्या लग्नात मला न विचारता खुर्ची आणून दिली. त्या खुर्चीवर मी जेवलो नाही, उपाशी घरी आलो.

धुळ्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि सांगितलं, हाडावर हाड घासतंय, बदलावाच लागेल. जळगावला एका मोठ्या दवाखान्यात सांधे बदलण्यासाठी अख्खा नवा मजला झालाय, तिकडे जा. आधी तिथं एकच आपरेशनची खोली होती, मोडलेला हात तिथंच, अपघात तिथंच, आणि गुडघेवाल्यांना 'पुढच्या वर्षी या' सांगायचे. आता लवकर नंबर लागतो.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात माणूस दवाखान्यात पडला की गाव त्याला पाहायला जातं. क्रूझर गाडी ठरवायची, नारळ घ्यायचा, माणसं भरायची आणि जायचं. कोण आलं, कोण नाही आलं, हे कोणी विसरत नाही. मागे माझे व्याही दोधू नाना, आमच्याकडं व्याह्याला याही म्हणतात, यांचं सुरतेला काळजाचं आपरेशन झालं. मी पाहायला गेलो. नाकात नळी, हातात नळी, सगळे नातेवाईक भिंतीला लागून उभे. नानांनी एक बोट हलवलं की दोन पुतणे धावत होते. मनात आलं, माणूस आजारी पडावा तर असा.

निघायच्या दिवशी दारात गर्दी झाली. दोधू नानांचा फोन आला, "रविवारले येतस आम्ही बठ्ठा. काळजी करानी नही." बठ्ठा म्हणजे सगळे.

मी सगळ्यांना हात जोडले आणि काठी न घेता गाडीत चढलो.

रेल्वेत

नरडाण्याला गाडीत शिरलो तेव्हा कॉलेजातली एक पोरगी उठली. "बाबा, बसा."

"बैस तू. मी अजून दोन एकर फिरून येतो," मी म्हटलं.

अनिलची माय बसली. ती माझ्याकडं पाहत नव्हती, खिडकीबाहेर पाहून हसत होती. अमळनेरपर्यंत उभा राहिलो. तिथून पुढं गुडघा असा धरला की बसायलाही वाकेना आणि उभंही राहवेना. जळगाव स्टेशनावर अनिलने आणि एका अनोळखी माणसाने मला धान्याच्या पोत्यासारखं उचलून उतरवलं. हमाल चाकाची खुर्ची घेऊन आला. "मी सामान नाही," असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "सामान असतं तर डोक्यावर घेतलं असतं आबा. बसा गुपचूप." बसलो.

जळगाव

जळगावला सोन्याची दुकानं इतकी की दिवसाही दिवे लावलेले. रिक्षा आणि मोटारसायकली अशा अंगावर येतात की आमच्या पोळ्याचे बैल बरे. संध्याकाळी अनिलने भरीत-पुरी खायला नेलं. आमच्याकडं भरीत करायचं म्हणजे शेतात कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यावर वांगी भाजायची, चार घरं बोलवायची. इथं ते दुकानात मिळतं, बसल्या जागी. चव वाईट नव्हती. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या तर बऱ्याच होत्या. पण भरीत एकट्याने खायची वस्तू नाही, हे अनिलच्या मायचं म्हणणं मला पटलं.

दवाखान्याचा नवा मजला पाहिला. रंगाचा वास अजून गेला नव्हता. लिफ्टच्या आरशावर कागद तसाच चिकटलेला. आपरेशनच्या दोन खोल्या फक्त हाडांसाठी. लांबच लांब वऱ्हांडा, आणि त्याच्या मधोमध एक काचेचं दार, कुलूप लावलेलं. आतल्या खाटांच्या गाद्यांवर प्लास्टिक तसंच होतं.

खालच्या मजल्यावर, वाट पाहायच्या जागेत, सावद्याची अक्का भेटली.

ती बाकड्यावर नव्हती, जमिनीवर होती. तिचे दोन्ही गुडघे बाहेर वळलेले, धनुष्यासारखे. बाकड्यावर बसलं तर उतरता येत नाही म्हणे, म्हणून खालीच. शेजारी तिची लेक मंदा. अक्काने आधी अनिलच्या मायच्या हातात केळी दिली, मग विचारलं, "कुठचे भाऊ तुम्ही?"

"नरडाण्याकडचे."

"दूरचे दिसता. बोलणंच दूरचं आहे."

आम्ही 'आहे'ला 'शे' म्हणतो ते ऐकून तिला हसू येत होतं आणि तिचं 'मले', 'काहून' ऐकून आम्हाला. एका जिल्ह्याच्या अंतरात भाषेचं असं पाणी बदलतं. तिने सांगितलं, सगळा जन्म केळीच्या बागेत गेला. घड तोडायचा, डोक्यावर घ्यायचा, चिखलातून गाडीपर्यंत न्यायचा. नवरा गेला, मुलगा नाही, ही एकच लेक. लेक वापीला एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला. आपरेशननंतर आईला उठवायला-बसवायला कोणीतरी पाहिजे, म्हणून साहेबाच्या हातापाया पडून तिने सुट्टी घेतली होती.

"सुट्टी एकदाच मिळते, आबा," मंदा मला म्हणाली. "जपून ठेवता येत नाही. घेतली ती गेली."

"मग नंबर कधी?"

"शुक्रवारी. वरची एक खाट शुक्रवारी मोकळी होणार आहे."

अक्का म्हणाली, "मले फक्त एकदा उभं राहून चुल्ह्यावर भाकर टाकायची आहे, भाऊ. बसून बसून टाकते ते भाकरीलेही आवडत नाही." आणि हसली. मी पण हसलो. ती वरची खाट कोणाची, हे मी विचारलं नाही. ती माझीच होती.

वरचा मजला

मंगळवारी सकाळी मला आत नेलं. कमरेत सुई दिली आणि खालचं अंग माझं राहिलं नाही. मध्ये हिरवा पडदा. पलीकडं करवत चालली, मग ठोकाठोक. आमच्या गावचा सुतार गाडीच्या चाकात आरे ठोकायचा तो आवाज, अगदी तोच. मला वाटलं होतं भीती वाटेल. उलट डॉक्टरांना सांगावंसं वाटलं, अजून एक घाला, ढिलं राहायला नको.

संध्याकाळी एक मुलगी आली, चोपड्याकडची, व्यायाम करून घेणारी. हातात वॉकर.

"आबा, चला, उभं राहायचं."

"सकाळीच कापला ना गुडघा?"

"हो."

"आणि संध्याकाळी चालवता? बैलाच्या खांद्याला फोड आला तरी आम्ही त्याला आठवडाभर जुंपत नाही."

"बैलाला वॉकर देता येत नाही, आबा. तुम्हाला देता येतो."

मी उठलो नाही. आमच्यात ज्याला कापलं तो पडून राहतो. कापल्यादिवशी उठून फिरला तर त्याला कापलं कशाला?

दुसऱ्या दिवशी पहाटे मला बाथरूमला जायचं होतं. भांड्यात करणं मला जमत नाही. अनिलच्या मायने वॉकर पुढं ओढला, मी उतरलो, उभा राहिलो. आणि खरं सांगतो, जुन्या गुडघ्यापेक्षा सोपं गेलं. दुखत होतं, पण ते कापल्याचं दुखणं होतं, घासल्याचं नव्हतं. बाथरूमला जाऊन आलो. येताना खिडकीपाशी थांबलो, जळगाव जागं होताना पाहिलं. अनिलच्या मायचं तोंड असं फुललं होतं जसं मी तिच्यासाठी काही आणलंय.

"सिस्टरले सांगू?" ती म्हणाली.

"नको सांगू."

"का बरं?"

"रविवारले याही येतस. बठ्ठा गाव येस. मी फिरता दिसनू तर काय म्हनतीन? येवढी गाडी करीसन येतीन, आणि पेशंट हिंडी ऱ्हायना."

तिने वॉकर भिंतीला लावला.

तेव्हापासून मी पडून. व्यायामवाली आली की चक्कर येते म्हणायचं. पाय हलवायला सांगितला की ओरडायचं. गुरुवारी सिस्टर म्हणाली, "आबा, जखम छान आहे. उद्या घरी." मी डोळे फिरवले. त्यांनी रक्त तपासलं, ब्लडप्रेशर मोजलं, पुन्हा मोजलं. डॉक्टर येऊन खाटेच्या कडेला बसले, माझा हात धरला, म्हणाले, "तुम्हाला बरं वाटत नसेल तर घाई नाही. दोन दिवस पाहू." म्हाताऱ्या माणसाचा शब्द त्यांनी खोटा धरला नाही. मला वाटलं, जिंकलो.

सिस्टर मात्र जाताना थांबली. "आबा, प्रयत्न करा हं. खाली माणसं थांबलीत."

"थांबतील की. एवढा मोठा मजला बांधलाय. ते काचेच्या दारामागचं उघडा."

"ते उघडायला खाटा नाही लागत, आबा, सिस्टर लागतात. नव्या अजून यायच्यात. तोपर्यंत अर्धाच मजला चालतो. पेशंट उठला, चालला, घरी गेला, की पुढचा वर येतो."

मी भिंतीकडं तोंड केलं. ऐकलं नाही असं म्हणता येणार नाही. सगळं ऐकलं. शुक्रवार कोणाचा, हेही आठवलं. पण मनाला सांगितलं, एका दिवसाने काय होतं.

जेवायला मुगाची खिचडी, पातळ वरण, एक पोळी. ठेचा मागितला तर दिला नाही. शेजारच्या खाटेवर पारोळ्याचे एक मास्तर होते. ते दुसऱ्या दिवशीच वऱ्हांड्यात चालायला लागले आणि माझ्या आधी घरी गेले, त्यांची खाट आधीच दुसऱ्या कोणाला ठरलेली. जाताना म्हणाले, "लवकर बरे व्हा." मला त्यांचा राग आला.

रविवार

दुपारी क्रूझर आली. खाली वॉचमन सांगत होता दोघं दोघं जा, वर जंतू नको. आमची माणसं त्याला सांगत होती, धुळे जिल्ह्यातून आलोय, जंतू कुठून येतील. शेवटी लिफ्टमधून जेवढे मावतील तेवढे आले. नारळ, केळी, बिस्किटं. पुढं दोधू नाना, पांढरी टोपी, हातात काठी.

मी डोळे अर्धे मिटले. श्वास जोरात घेतला. नाना पायथ्याशी उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "याही, भलता हाल व्हयनात हो तुमना."

मी एक बोट हलवलं.

मागून कोणी म्हणालं, "मोठं आपरेशन शे. बोलता बी येत नही." कोणी म्हणालं, "काळजीना टाइम शे." बायकांनी पदर तोंडाला लावला. सगळे भिंतीला लागून उभे. अगदी सुरतेसारखं. इतकं बरं वाटलं, लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

तेवढ्यात माणसांच्या मधून वाट काढत मंदा आली. पाठीवर प्रवासाची पिशवी. मला वाटलं अक्का वर आली असेल.

ती अनिलच्या मायकडं गेली. "मावशी, निघते मी. संध्याकाळची गाडी आहे."

"आणि अक्का?"

"आईला काल पुतण्याबरोबर सावद्याला पाठवलं. शुक्रवारी खाट मोकळी झाली नाही. या आठवड्यात दुसऱ्यांना तारखा दिलेल्या आहेत, त्यांचं कसं मोडायचं? आईला आता पुढच्या महिन्याची मिळाली. तेव्हा मला सुट्टी नाही. साहेबाचा फोन आला, उद्या आली नाहीस तर येऊ नको." तिने डोळे पुसले नाहीत, कारण रडतच नव्हती. ज्याला सवय असते तो रडत नाही. "पुढच्या महिन्यात कोण थांबणार? राहू दे म्हणते आई."

मग ती माझ्या खाटेपाशी आली. वाकून हळूच म्हणाली, "आबा, आईने विचारलंय कसे आहात. खाली रोज विचारायची सिस्टरला, वरचे धुळ्याकडचे आबा उठले का म्हणून. म्हणाली, माझं राहू द्या, त्यांचं आधी बरं होऊ द्या. जाताना ही केळी देऊन गेली."

केळी तिने माझ्या छातीवरच्या चादरीवर ठेवली.

खोलीत सगळं गाव उभं होतं. अनिलची माय उशाशी होती. तिने कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हटलं, "उठा आते."

मी उठलो नाही.

नातीला हेच ठिकाण नको होतं. मी उठू शकत होतो. मला माहीत होतं, बायकोला माहीत होतं. उठून त्या पोरीला सांगू शकत होतो की पोरी, मला काही झालेलं नाही. तिची गाडी तेव्हा सुटली नव्हती. पण पायथ्याशी याही उभा होता. मी डोळे पूर्ण मिटून घेतले. मंदा माझ्या पायाला हात लावून गेली, चपलांचा आवाज वऱ्हांड्यात लांब जाताना ऐकला. मग नाना म्हणाले, "झोप लागनी. चला, त्रास देवानं नही." आणि गाव निघून गेलं.

सगळे गेल्यावर मी पाय खाली सोडले. वॉकर घेतला आणि वऱ्हांडाभर चाललो, काचेच्या दारापर्यंत आणि परत. सिस्टर टेबलापाशी होती. तिने मान वर करून पाहिलं. कोणी काही बोललं असतं तर मी भांडलो असतो. भांडण मला येतं. पण ती फक्त म्हणाली, "छान, आबा. उद्या सकाळी कागद तयार करते," आणि पुन्हा लिहायला लागली.

त्या केळ्यांना मी हात लावला नाही. अनिलच्या मायने ती वॉर्डात वाटली.

सावदा

सोमवारी अनिलने गाडी केली होती, घरी जायला. मी पुढच्या सीटवर पाय लांब करून बसलो आणि ड्रायव्हरला सांगितलं, "सावदा."

"आबा, ती उलटी दिशा आहे," अनिल म्हणाला.

"मला दिशा कळतात."

मागून अनिलची माय म्हणाली, "घे रे सावदा." सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली.

भुसावळच्या पुढं तापी ओलांडली. आमच्याकडं तापी दऱ्यांत शिरलेली, काठावर काटेरी बाभळी. इथं पुलावरून पाहिलं तर दोन्ही अंगांना हिरवंगार. केळीच्या बागा इतक्या दाट की आत दुपारीही अंधार. त्यांच्या डोक्यावर सातपुडा निळा. रस्त्याने केळीच्या घडांच्या गाड्या, कडेला बायका डोक्यावर चुंबळ ठेवून उभ्या. प्रत्येकीच्या गुडघ्याकडं माझी नजर जात होती. पूर्वी कधी गेली नव्हती.

गावात विचारत विचारत घर सापडलं. पत्र्याचं, पुढं शेणाने सारवलेला ओटा, स्वच्छ. अक्का ओट्यावर बसलेली. आम्हाला पाहून तिच्या तोंडावर आनंद दिसला. "अरे, चालत आले! पोरी, पाय बरे झाले हो तुझ्या घरच्याचे!" शेजारणीकडून तिने प्लास्टिकची खुर्ची आणवली.

मला खाली बसायची मनाई. तिला वर बसता येत नाही. मी खुर्चीवर, ती माझ्या पायाशी. चहा ठेवते म्हणाली आणि दोन्ही तळहात जमिनीवर टेकून, बसल्या बसल्या, सरकत सरकत घरात गेली. अनिलची माय उठायला लागली तर, "पाव्हण्याने चुल्ह्याशी जायचं नाही, बैस." उंबरा आला तिथं तिने एकेक पाय हाताने उचलून पलीकडं ठेवला. परत येताना कपबशी जमिनीवरून पुढं ढकलत आणली. कप माझ्यापुढं आला आणि मी तो घ्यायला वाकलो तर हात पोचेना. तिने कप वर केला, मी हात खाली केला, तेव्हा कुठं मधे गाठ पडली.

त्या कपातला चहा तोंडाला लावण्याआधी मी सांगितलं. सगळं. पहाटे चाललो ते, चक्करचं, रविवारचं.

अक्का ओट्याच्या कडेची माती नखाने साफ करत राहिली.

"म्हणजे खोटेच झोपेल होते?"

"हो."

"काहून?"

"याही पाहायला येणार होते."

तिने माझ्याकडं पाहिलं. "मंग? याही खूश झाला का?"

आमच्या अनिलला तिकडं तोंड करून खोकावं लागलं. चहा तसाच निवला.

"मी तठी बसून देवाले सांगत होते," अक्का म्हणाली, "त्या धुळ्याकडच्या भाऊचं काहीतरी बिघडलेलं दिसते, त्याले बरं कर. देव म्हणत असेल, काय येडी बाई आहे."

मग अनिलची माय बोलली. तिला तिथं कोणी विचारलं नव्हतं. "अक्का, पुढला महिनानी तारीख सोडानी नही. मी थांबसू तुमनाजोडे. उठाडसू, बसाडसू."

"नको, माय. कोनाचे उपकार मले नको."

"उपकार नहीत. शुक्रवार तुमना व्हता. तो आम्ही खादा."

"तुले घर आहे, शेती आहे."

"घर या देखतीन," असं म्हणून तिने माझ्याकडं बोट केलं. "आते पाय नवा शे यासना."

अक्काने मान हलवली. मग माझा कप उचलून पाहिला, भरलेला. "पिऊन टाका भाऊ. दूध महाग नाही, पण सरकणं महाग आहे." मी थंड चहा एका घोटात प्यालो. तिने कप घेतला आणि म्हणाली, "येईन मी. पण एक. मले पाहाले कोनी यायचं नाही. तुम्ही तर नाहीच."

परत गाव

आता पुढच्या महिन्याचं. अनिलची माय ठरल्या दिवशी जळगावला गेली. मी तिला नरडाण्याच्या स्टेशनापर्यंत सोडायला गेलो, फलाटावर उभा राहिलो, आणि परत आलो. सून दिवसा कपाशीला जाते. घरात मी एकटा.

जे दवाखान्यात येऊ शकले नव्हते ते आता घरी पाहायला येतात. रीतच आहे. मी पाणी देतो, चहा ठेवतो. चुलीशी इकडून तिकडं फिरतो, नवा गुडघा मला काही त्रास देत नाही. माणसं पाहतात, म्हणतात, वा, आबा. आणि मग प्रत्येक जण विचारतो, "अनिलनी माय कोठे गयी?"

शेतात गेली म्हणून सांगता आलं असतं. पहिल्या दिवशी एकाला सांगितलंही. तो उठून गेल्यावर त्याचा कप धुताना मला अक्काचा ओटा आठवला. त्यानंतर जो विचारेल त्याला जसं झालं तसं सांगतो. कोणी हसतं, कोणी खाली पाहतं, एक जण तर चहा न पिता गेला.

दोधू नाना आले त्या दिवशी मी चुलीशीच होतो. "याहीणबाई कोठे गयात?" त्यांनी विचारलं. त्यांनाही सांगितलं. सुरतेचं जे मनात आलं होतं तेही सांगितलं. नाना टोपी काढून मांडीवर ठेवून बसले. म्हणाले, "सुरतले माले हालता येत नव्हतं, याही. तुमले येत व्हतं."

एवढंच. मग माझा फोन वाजला. अनिलची माय होती. म्हणाली, सकाळी आपरेशन झालं, बोला अक्काशी, आणि फोन दिला.

"भाऊ," अक्काचा आवाज बारीक होता, पण चांगला. "उठले मी. त्या चोपड्याच्या पोरीने वॉकर धरला आणि उभीच राहिले. जमीन लय खाली दिसते हो."

मी म्हटलं, "पडून राहा जरा, अक्का. दुखेल."

"दुखते. पण शुक्रवारी खाट सोडणार आहे. खाली तुमच्याच बाजूची एक बाई थांबेल आहे, शिंदखेड्याची. तिचा नवरा मले विचारून गेला, अक्का, उठल्या का म्हणून."

चुलीवर चहा उतू गेला. नाना उठले आणि त्यांनीच पातेलं उतरवलं.